आम्हाला किल्ली द्या : सोलापूरच्या सहल कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातल्या समस्त सहल कंपन्यांचे मालक, मॅनेजर आणि टूर लीडर मंडळी,

स. न. वि. वि.

मी साखर पेठेत राहणारी निवृत्त शिक्षिका. तुमच्यापैकी निदान दोघांच्या ऑफिसात माझ्या नावाची फाइल असेल. चारधाम, अंदमान, सिंगापूर आणि सहा वर्षांपूर्वीचं ते 'सात देश अकरा दिवस' युरोप, सगळं तुमचंच बोट धरून केलं. तेव्हा हे पत्र भांडणाचं नाही. पण यंदा दिवाळीचे कंदील उतरायच्या आत तुमच्या पुढच्या उन्हाळ्याच्या जाहिराती पेपरातून घरात पडायला लागल्या. त्यात परत तेच सात देश आणि तेच अकरा दिवस बघितले, आणि गप्प बसवेना. मागणं एवढंच, की बस आणि हॉटेलाऐवजी परदेशातल्या एका शहरात भाड्याच्या घरात राहायची एखादी सहल काढा.

ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना शहर मी दोनदा पाहिलंय. पहिल्यांदा तुमच्या बसमधून. सकाळी सहाला बॅगा खोलीच्या दाराबाहेर, सातला नाश्ता, आठला बस. शोनब्रुन राजवाड्यासमोर चाळीस मिनिटं, त्यातली पंधरा बाथरूमच्या रांगेत. मग रिंग रोडवरून बसमधूनच एका हाताला ऑपेरा, दुसऱ्या हाताला पार्लमेंट. संध्याकाळी 'इंडियन डिनर' म्हणजे पनीर, पिवळी डाळ, जिरा राईस, गुलाबजाम. रात्रीचं हॉटेल शहराबाहेर हायवेला, खिडकीतून पेट्रोल पंप दिसायचा. अख्ख्या दिवसात त्या गावच्या एकाही माणसाशी मी बोलले नाही. खोटं कशाला, एकीशी बोलले. बाथरूमबाहेर सुट्टे पैसे घेणाऱ्या बाईशी.

दुसऱ्यांदा गेल्या मे महिन्यात. मी, आमचे हे आणि माझ्या नणंदबाई. इथं पारा त्रेचाळीसच्या वर चढलेला असताना आम्ही तिघं तिथं एका घरात अठरा रात्री राहिलो. ओटाक्रिंग नावाच्या भागात, मंडईला लागून, शंभरेक वर्षं जुनी इमारत. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि कुलपाची एक जाडजूड किल्ली. बस नाही, झेंडा घेतलेला लीडर नाही.

पहिल्या रात्री यांनी काय केलं ते सांगते. घरात शिरल्या शिरल्या, बूट काढायच्या आधी, नळ सोडून बघितला. पाणी आलं. मग कपाटातली होती नव्हती ती पातेली, दोन जग, चहाची किटली आणि एक फुलदाणी, असं सगळं भरून ओट्यावर ओळीनं मांडलं. मी म्हटलं, अहो, हे काय? तर म्हणाले, "उद्या आलं नाही म्हणजे?" हसू नका. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाचा हात आपोआप नळाकडे जातो.

त्या नळाला येणारं पाणी आल्प्सच्या डोंगरातलं, झऱ्यांचं. पहिली जलवाहिनी 1873 साली सुरू झाली, दुसरी 1910 साली. दोन्हींतून पाणी नुसत्या उतारानं शहरापर्यंत येतं, डोंगरातून ओढून आणायला पंप नाही. दुसरी वाहिनी दीडशे किलोमीटरहून लांब आहे आणि तिच्यातलं पाणी दीड दिवस वाहत येतं. आपल्या उजनीचं पाणीही शंभरेक किलोमीटरवरूनच येतं की. सोलापूरकर असल्यामुळे आम्हाला हे वाचून जे वाटलं, ते तुमच्या बसमधल्या पुण्या-मुंबईच्या गाईडला कधी सुचलंही नसतं. हे तर रोज सकाळी पेला भरून खिडकीशी उभे राहायचे आणि म्हणायचे, "परवा डोंगरावरून निघालेलं पाणी पितोय मी."

आणि त्याच इमारतीच्या जिन्यात, प्रत्येक मजल्यावर, भिंतीला बसवलेलं ओतीव लोखंडाचं छोटं कुंड होतं, वर नळ. आम्हाला वाटलं शोभेचं. खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. त्यांनी फोनवरच्या भाषांतरातून सांगितलं की याला 'बासेना' म्हणतात. पूर्वी घराघरात नळ नव्हते, मजल्यावरच्या सगळ्या बायका इथं पाणी भरायच्या आणि भरता भरता साऱ्या गल्लीच्या बातम्या व्हायच्या. कुचाळक्यांना तिथल्या बोलीत आजही 'बासेनावरच्या गप्पा' म्हणतात. आमच्या नणंदबाईंचं लहानपण जुन्या मिलच्या चाळीत गेलेलं. त्या कुंडापाशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आमचं नळकोंडाळंच की ओ हे!" पुढचा अर्धा तास त्या आणि ती आजी, एक मराठीत आणि एक जर्मनमध्ये, फोन बाजूला ठेवून बोलत होत्या. काय बोलल्या त्यांनाच ठाऊक.

मंडळी, असलं काही तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत बसत नाही, हे मला कळतं. म्हणूनच हे पत्र.

आता कामाचं बोलते. तुम्हाला वाटेल, बाईंनी स्वतःचं स्वतः केलं, मग आमच्याकडे कशाला आल्या? कारण ते करताना आमचा घाम निघाला, आणि तो घाम पुसणं हाच तर तुमचा धंदा आहे. घर शोधायलाच दीड महिना गेला. पहिलं सापडलेलं घर फारच गोड. बाल्कनी, लाल फुलं आणि भाडं इतरांच्या निम्मं. मालकाचा निरोप आला, वेबसाइटवरून पैसे भरू नका, थेट बँकेत पाठवा, सूट देतो. यांनी पासबुक काढलंही होतं. तेवढ्यात भाच्यानं तो फोटो इंटरनेटवर टाकून शोधला, तर तीच बाल्कनी आणि तीच फुलं तीन वेगवेगळ्या शहरांत भाड्यानं होती.

मग व्हिसाचा घोळ. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) सगळ्या मुक्कामाचा राहण्याचा पुरावा लागतो, निदान 30,000 युरोचा प्रवास विमा लागतो, 90 युरो फी लागते आणि ती व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. म्हणजे व्हिसा हातात यायच्या आधी घर पक्कं करायचं. व्हिसा नाही आला तर घराचे पैसे बुडायला नकोत, म्हणून उशिरापर्यंत रद्द करता येईल असं घर हुडकायचं, आणि नेमकं तसं घर जरा महाग. हॉटेलच्या बुकिंगला तुमची माणसं हे डोळे मिटून करतात. घरासाठी का नाही करत?

मजल्याची गंमत तर ऐकाच. जाहिरातीत लिहिलं होतं 'तिसरा मजला, लिफ्ट नाही'. आम्ही म्हटलं, तीन मजले काय, शिक्षकी पेशात आयुष्यभर जिने चढलो. पण व्हिएन्नातल्या जुन्या इमारतींत तळमजल्यावर एक 'उंच तळमजला', त्यावर 'मेझानिन' आणि मग कुठं 'पहिला' मजला सुरू होतो. पूर्वी म्हणे जास्त मजल्यांना परवानगी नसायची, म्हणून मजल्यांची नावं बदलून मोजणी चुकवायचे. कारण काही असो, आमचा तिसरा मजला म्हणजे पाचवा. नणंदबाईंचे दोन्ही गुडघे वाताचे. पहिल्या संध्याकाळी त्या मेझानिनवर बसल्या आणि म्हणाल्या, मला इथंच ताट आणून द्या. मालकीणबाईंनी लबाडी केली नव्हती, त्यांच्या हिशेबानं तिसराच होता. पण 'एकूण पायऱ्या किती' हे विचारायला आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. तुम्ही विचाराल, आकडा लिहून घ्याल आणि गुडघेवाल्यांना आधी सांगाल. ब्याण्णव होत्या. मी मोजल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारावर चिठ्ठी चिकटवलेली. जर्मनमध्ये, हातानं लिहिलेली, खाली दोन रेघा मारलेल्या. आम्ही घाबरलो. भाषांतर केलं तर मजकूर असा, की जिन्यात काहीही ठेवायचं नाही, आग लागली तर पळायची ती वाट आहे. आमचे चपलांचे तीन जोड दाराबाहेर! आपल्याकडे दाराबाहेर चपला दिसल्या तर घरात माणसं आहेत, पाहुणे आलेत, लक्ष्मी नांदतेय. तिथं तो गुन्हा. चपला आत घेतल्या आणि मी एका कागदावर फोनवरून उतरवून 'माफ करा, माहीत नव्हतं' असं लिहून चिठ्ठीच्या जागी चिकटवलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात एक गृहस्थ भेटले, टोपी काढून 'ग्रूस गॉट' म्हणाले. चिठ्ठी त्यांचीच असावी. त्यानंतर जिन्यात जो दिसेल त्याला आम्हीही ग्रूस गॉट घालायला लागलो. तिथं हा आपला राम राम. दुकानात शिरताना म्हणायचा, लिफ्टमध्ये म्हणायचा. लिफ्ट असली तर.

हॉटेलात आपल्या चपलांची कुणी तक्रार करत नाही, कारण हॉटेलात आपण गिऱ्हाईक. घर घेतलं की आपण शेजारी होतो, आणि शेजाऱ्यानं शेजाऱ्यासारखं वागायचं असतं. मला एवढ्या पैशांत जे काही मिळालं ते या चिठ्ठीपासून सुरू झालं, असं मी मानते. हे मात्र म्हणतात, चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी, त्यात कसला आलाय अनुभव.

स्वयंपाकघराबद्दल तुमच्या मनात मोठी भीती आहे, की मराठी माणूस परदेशात आपल्या जेवणावाचून राहत नाही. म्हणून तुम्ही सोबत महाराज नेता नाहीतर पंजाबी हॉटेल गाठता. अहो, सोलापूरच्या माणसाला कसली चिंता? बॅगेत कडक भाकरी होती, शेंगा चटणी होती. महिनाभर न बिघडणारं जेवण ज्या गावानं शोधून काढलं, त्या गावाला महाराज कशाला? एवढं लक्षात ठेवा, दूध-दुधाचे पदार्थ आणि मांस बाहेरून युरोपात नेता येत नाही, त्यामुळे घरचं तूप घरीच. आम्ही शनिवारी रात्री पोचलो आणि रविवारी कळलं की सगळी दुकानं बंद. आपल्यासारखी पाटी उलटी करून अर्धं शटर उघडं, असलं काही नाही. कडकडीत बंद. मोठ्या रेल्वे स्टेशनातलं दुकान रविवारीही उघडं असतं, हे सोमवारी समजलं. त्या रविवारी सकाळ-संध्याकाळ भाकरी फोडून चटणी आणि पाणी. तेच ते डोंगरावरचं पाणी.

फोडणीनं मात्र फजिती केली. शेगडी काचेची, घरून नेलेला तवा बुडाला गोल, तो काचेवर डुगडुगायला लागला. तेल तापायचा अंदाज येईना. मोहरी टाकली, मिरची टाकली आणि छताला लावलेलं धुराच्या गजराचं ते पांढरं बटण असं काही किंचाळायला लागलं की नणंदबाईंनी आधी पासपोर्टची पिशवी धरली. खालच्या आजी वर आल्या. त्यांनी खिडकीची मूठ वर फिरवली तशी अख्खी खिडकी वरून आत कलली. मला वाटलं आता निखळून पडते! ती तशीच कलून राहते म्हणे, हवा येण्यासाठी. आजींना मी वाटीभर शेंगा चटणी दिली. दोन दिवसांनी त्यांनी वाटी परत केली, स्वच्छ धुऊन, पुसून, रिकामी. नणंदबाईंना फार लागलं ते. रिकामी वाटी परत देतात का कुणी? मी म्हटलं, त्यांच्याकडे तशी रीत नसेल. पण सांगते, मनातून मलाही लागलं होतं.

मंडई मात्र आपली. ब्रुनेनमार्क्ट हा रस्त्यावर भरणारा त्या शहरातला सगळ्यांत लांबलचक बाजार, सोमवार ते शनिवार भरतो. विक्रेते बरेचसे तुर्की. कोथिंबिरीच्या जुड्या, हिरव्या मिरच्या, वांगी, भेंडी, आणि ओरडून भाव सांगणं. लक्ष्मी मंडईत उभं असल्यासारखं वाटलं. गोऱ्या आज्या मे महिन्यातलं पांढरं ॲस्परॅगस पारखून घ्यायच्या. त्यांच्याकडे त्याची केवढी नवलाई, आपल्याकडे हुरड्याची असते तशी. दुधाच्या दुकानात 'टॉपफेन' मिळतो. चाखून बघितला तर सरळ चक्का! साखर घोटली, केशर होतं, वेलदोडा होता. यांच्या वाढदिवसाला व्हिएन्नात श्रीखंड झालं.

भाषेची भीती घालू नका. तुमच्या माहितीपत्रकात असतंच, 'स्थानिक भाषेची अडचण येऊ नये म्हणून सोबत आमचा टूर लीडर'. मी साखर पेठेत राहते. सकाळी दूधवाल्याशी कानडी, शेजारणीशी तेलुगू, रिक्षावाल्याशी दखनी आणि शाळेत मराठी. यातल्या दोन भाषा मला अजून धड येत नाहीत, तरी साठ वर्षं व्यवहार अडला नाही. भैय्या चौकात ज्यांच्या घराचं स्मारक आहे ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली इथल्या माणसांना सोडून चीनला गेले आणि तिथली भाषा शिकून तिथल्या जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले. त्या गावाला तुम्ही जर्मनची भीती दाखवता?

सगळंच गोड होतं असं लिहिलं तर हे पत्रही तुमच्या जाहिरातीसारखं व्हायचं. सहाव्या दिवशी आम्हाला सणसणून कंटाळा आला. पाऊस होता. बघायचं ते बघून झालं होतं, निदान तसं वाटत होतं. हे म्हणाले, तिकीट बदलून मिळतं का बघ. नणंदबाईंना बर्फाचे डोंगर बघायचे होते, त्या रुसल्या. कोण भांडी घासणार यावरून जुनं काहीतरी निघालं, अगदी 1987 सालच्या लग्नातलं. तुमच्या बसमध्ये असं भांडायला वेळच नसतो, हे तुमच्या बाजूनं मान्य करते.

सातव्या दिवशी कंटाळ्यानंच आम्ही कार्ल मार्क्स होफला गेलो. भुयारी रेल्वेनं, यू-फोर गाडीनं हायलिगेनश्टाट या शेवटच्या स्टेशनला उतरलं की समोरच. (तिथल्या स्टेशनांवर फाटक नसतं. तिकिटावर शिक्का मारायचा आणि चालू लागायचं. तिकीट तपासनीस कधीतरी येतो. यांना आधी हे पटेचना, मग फार आवडलं.) तर कार्ल मार्क्स होफ म्हणजे कामगारांसाठी शहराच्या नगरपालिकेनं बांधलेली चाळ. चाळ म्हणते खरी, पण एक किलोमीटरहून लांब इमारत आणि तेराशेच्या वर घरं. 1927 ते 1930 या काळात बांधली. आत धुलाईघरं, न्हाणीघरं, बालवाड्या, आणि पाचवा हिस्सा जमीनसुद्धा बांधकामाखाली नाही, बाकी सगळी अंगणं आणि झाडं. लोक आजही राहतात, खिडक्यांत कपडे वाळतात.

1930 म्हटल्यावर आम्ही तिघंही गप्प झालो. त्याच साली मे महिन्यात आपल्या सोलापुरात मार्शल लॉ लागला. रस्त्यावर उतरलेल्यांत मिलचे कामगार किती होते! पुढच्या जानेवारीत, 12 तारखेला, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले. माझे आजेसासरे तेव्हा जुन्या मिलमध्ये सांचावर होते, दहा बाय दहाच्या खोलीत नऊ माणसं. त्याच वर्षी तिकडं कामगाराला न्हाणीघर आणि अंगण. मग वाचलं, की 1934 च्या फेब्रुवारीत सरकारी सैन्यानं याच इमारतीवर तोफा डागल्या. म्हणजे तिकडंही फुकट काही मिळालं नव्हतं. आम्ही अंगणातल्या बाकावर दोन तास बसलो, भाकरी खाल्ली. सात देशांच्या तुमच्या यादीत ही जागा नाही, आणि तुम्ही घालूही नका. चाळीस माणसांची बस त्या अंगणात शिरलेली मला बघवणार नाही.

यावर तुमचं म्हणणं मला माहीत आहे. आपल्या लोकांना असलं नको असतं, बाई, त्यांना हॉटेल लागतं, परक्याच्या घरात राहायचं म्हटलं की नाकं मुरडतात. खरं का? तुळजापूरला आपण काय करतो? आपल्या घराण्याचा पुजारी ठरलेला, त्याच्या घरी उतरायचं, त्याच्याच चुलीवर पुरणाचा नैवेद्य शिजवायचा, त्याच्या बायकोला विचारून ताटं मांडायची. पंढरपूरला आषाढीत घराघरांतून खोल्या दिल्या जातात, ओसरीवर वीस-वीस माणसं झोपतात. दुसऱ्याच्या घरात उतरून त्या गावचं होणं ही आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. तुम्हीच ती मोडून आम्हाला बुफेच्या रांगेत उभं केलंत.

मात्र एक गोष्ट फार जपून करा, आणि इथं मी शिक्षिकेच्या आवाजात बोलणार आहे. ही घरं कुणाच्या तरी राहण्याची घरं आहेत. पर्यटकांना रोजच्या भाड्यानं दिली की जास्त पैसे मिळतात, म्हणून मालक भाडेकरूला काढतात, आणि गल्लीत राहणारं कुणी उरत नाही. बार्सिलोनानं 2024 साली जाहीर केलं की पर्यटकांच्या दहा हजार घरांचे परवाने पुढे वाढवायचे नाहीत, नोव्हेंबर 2028 पर्यंत ते सगळे संपवायचे. न्यूयॉर्कात सप्टेंबर 2023 पासून तीस दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर मालक स्वतः घरात राहत असला पाहिजे आणि पाहुणे दोनच. व्हिएन्नात जुलै 2024 पासून, खास परवानगी नसेल तर, घर वर्षाकाठी नव्वद दिवसच असं देता येतं. नगरपालिकेची घरं तर अजिबातच नाही. आमच्या मालकीणबाई स्वतः त्याच घरात राहतात, वसंतात बहिणीकडे जातात आणि तेवढेच दिवस घर देतात. कपाटात त्यांचे कोट होते, फ्रीजवर नातवंडांची चित्रं. त्यांनी आमच्या पासपोर्टांची नोंदही रीतसर करून घेतली. असं घर शोधायला वेळ लागतो. तुम्ही मात्र एकगठ्ठा वीस फ्लॅट वर्षभरासाठी अडवून ठेवाल, अशी मला धास्ती आहे. तसं करणार असाल तर तुमची बसच बरी.

मी मागते ते एवढंच. वर्षातून एखादी सहल अशी काढा : एक शहर, निदान दहा रात्री, कायदेशीर नोंद असलेलं घर, एका घरात एकच कुटुंब किंवा दोन-तीन मैत्रिणी. व्हिसा, विमा, विमान तुम्ही बघा. घराचा नोंदणी क्रमांक तपासा, साफसफाईचे पैसे आणि शहराचा मुक्काम-कर धरून पूर्ण आकडा आधी सांगा, पायऱ्या मोजून घ्या. पहिल्या दिवशी किल्ली हातात देईपर्यंत तुमचं कुणीतरी तिथं असू द्या, पुढं फोनवर असलं तरी चालेल. आणि तुमचं कमिशन उघड लावा, आम्ही देऊ. आमच्या घराचं भाडं तिघांत वाटून माणशी रोजचं पस्तीसेक युरो पडलं. त्यावर तुम्ही तुमच्या कष्टाचे पैसे घेतलेत तर कुणी नाही म्हणणार नाही. खरेदीच्या दुकानापुढं बस उभी करून जे मिळतं ते यात मिळणार नाही, हे आधीच सांगते.

आणि कार्यक्रमपत्रिका देऊ नका. एकच कागद द्या, कचऱ्याचा. कागद कुठल्या डब्यात, पांढरी काच कुठं, रंगीत काच कुठं, प्लास्टिक आणि डबे पिवळ्यात, रात्री बाटल्या टाकायच्या नाहीत कारण खळखळाट होतो. 2025 पासून तिथं प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर 25 सेंट अनामत असते, ती दुकानातल्या यंत्रात बाटली घातली की परत मिळते. यांना या गोष्टीचा इतका नाद लागला की रोज संध्याकाळी बागेतल्या बाकांखालून बाटल्या गोळा करून आणायचे. गोटी सोड्याची बाटली परत करून पैसे घेण्याच्या दिवसांत गेले ते थेट.

हा कचऱ्याचा कागद मी मराठीत लिहून ठेवलाय, पायऱ्या-मजल्यांच्या हिशेबासकट. तुमच्यापैकी ज्याला हवा असेल त्यानं साखर पेठेत कुणालाही 'व्हिएन्नावाल्या बाई' म्हणून विचारावं, हल्ली तेच नाव पडलंय. संध्याकाळी पाचनंतर कधीही या. नळाला पाणी यायचा दिवस तेवढा टाळा, त्या दिवशी आम्ही दोघं कामात असतो.

आपली,
साखर पेठेतली एक निवृत्त मास्तरीण
सोलापूर